वाघ्याचा चावा

"आता यात काय कमी आहे, तेवढं सांगा," केतकी म्हणाली आणि तिने पेटी सटवाबुवांपुढे सरकवली.

बुवा वाकून बघत राहिले...

"कुत्रं," ते म्हणाले.

केतकीला हसू आलं नाही. परदेशात पाच वर्षं जनावरांची डॉक्टरकी शिकून ती गावी परतली होती. इथलं एकही कुत्रं उपचारावाचून मरू द्यायचं नाही, असं तिने मनाशी घेतलं होतं. तिकडच्या पेटीत चाळीस वस्तू असत. काटछाट करत तिने त्या नवावर आणल्या होत्या. हातमोजे, चिमटा, कापूस, आयोडीन, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, असं सगळं मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात मावत होतं आणि अडीचशे रुपयांत होत होतं. उद्यापासून बारा गावांना पेट्या वाटायच्या होत्या.

अडचण एकच होती. देवळातला तांबू कुत्रा पंजात काच घेऊन तीन दिवस समोरच्याच बैलगाडीखाली पडून होता. पंजा सुजून बटाटा झाला होता आणि केतकी पेटी घेऊन जवळ गेली की तो दात विचकायचा. काच आज निघाली नाही तर पाय जाणार, हे तिला पुस्तकांनी सांगितलं होतं आणि आता वासानेही कळत होतं.

सटवाबुवा त्या देवळातले वाघ्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेले, स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवणारे. जत्रेत देवापुढे गुडघ्यांवर येऊन भुंकण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुत्र्याचं काही असलं तर त्यांनाच विचार, असं आई म्हणाली होती. म्हातारा जखमेवर भंडारा टाकायला सांगणार, या खात्रीने केतकी उत्तर पाठ करूनच आली होती.

"भंडारा देवाचा," बुवा आपणहून म्हणाले. "जखमेला तुजंच औषध."

पाठ केलेलं उत्तर वाया गेलं.

"शिकायचंय?" बुवांनी विचारलं.

"हो."

बुवांनी घोंगडी पांघरली, हात टेकले, रांगत गाडीपाशी गेले आणि आडवे झाले. उजवा हात उचलून कण्हू लागले.

"मी कुत्रं. पंजात काच हाय. कर इलाज."

नारळ घेऊन आलेल्या दोन बायका पायरीवरच थबकल्या. केतकीचे कान तापले. पण विचारायला आपणच आलो होतो... तिने हातमोजे चढवले, चिमटा उचलला आणि सरळ पंजा धरला.

बुवा चावले.

तोंडात दोनच दात होते, पण दोन्ही समोरासमोर.

हातमोज्यासकट अंगठा फाटला. केतकीने तो मिठाच्या पाण्याने धुतला, आयोडीन लावलं, लुगड्याची पट्टी गुंडाळली. पेटीचं उद्घाटन झालं.

"तोंडाने सांगता आलं नसतं?"

"तोंडानंच सांगितलं," बुवा म्हणाले. "नुस्तं बोललो असतो, तर वहीत लिवलं असतंस."

केतकीने अंगठ्याकडे बघितलं, बुवांच्या तोंडाकडे बघितलं आणि उरलेली पट्टी उचलली.

मग तिने पट्टीचा फास केला. या खेपेला तिने पंजाकडे बघितलंच नाही. बाजूने, सावकाश गेली. फास बुवांच्या जबड्यावरून घेतला, हनुवटीखाली तिढा दिला, टोकं कानांमागे बांधली. नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या.

पायरीवरची एक बाई दुसरीला म्हणाली, बुवांचं तोंड बंद झालेलं आपण जन्मात पहिल्यांदा बघतोय.

बुवांनी मान झटकून पाहिली. गाठ सुटली नाही. त्यांनी बोटाने गाडीखाली दाखवलं.

तांबू गुरगुरला. केतकी थांबली, पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. पट्टी त्याच्या तोंडावर बसली तसं बुवांनी त्याला मांडीशी धरलं आणि काच निघाली. नखाएवढी होती, हिरवी. पंजा धुऊन बांधला, तोंड मोकळं केलं. तांबू दोघांकडेही न बघता तीन पायांवर पाण्याकडे गेला.

बुवांनी स्वतःच्या तोंडावरची पट्टी सोडली आणि चूळ भरली.

केतकीचा आवाज आता खाली आला होता. "बुवा, पेट्या उद्यापासून पोचतील. पण बारा गावांना हे शिकवू कसं?"

बुवांनी तिच्या अंगठ्याकडे बघितलं...

"दात माजे दोनच ऱ्हायलेत," ते म्हणाले. "तुजे तर समदे हायेत."