तांबीची हाक

माणूस अजून मेंढ्या पाळायला शिकायचा होता आणि कळप कुत्रीच राखत, त्या काळातली ही गोष्ट.

तांबी नावाची म्हातारी कुत्री आपल्या नातवाला, भुऱ्याला, राखणीचे धडे देत होती. ‘बस’ म्हटलं की पोर बसे, ‘थांब’ म्हटलं की थांबे. पण त्याने कोकराची शेपटी ओढली की तांबी गरजे, “ये इकडे!” आणि आला की कानाला कडकडून चावे. पुढेपुढे ‘ये’ ऐकताच भुऱ्या उलटा पळू लागला. “कार्टं बिनकामाचं!” तांबी करवादे.

एका संध्याकाळी भुऱ्या खेळता खेळता बोरीच्या जाळीपाशी पोचला. जाळीत लांडगा दबा धरून बसलेला. तांबीला तो दुरून दिसला.

“भुऱ्या, ये!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. भुऱ्याने शेपूट आत घेतली आणि तो जाळीकडेच मागेमागे सरकू लागला. तांबी धावणार, तोच शेजारची मेंढी म्हणाली, “धावू नकोस गं. त्याला लांडगा दिसत नाहीये, तुझे दात दिसताहेत.”

तांबी मटकन खाली बसली. हनुवटी मातीला टेकवून हळूच म्हणाली, “ये रे माझ्या राजा.”

भुऱ्या क्षणभर घुटमळला, मग सुसाट धावत येऊन तिच्या पोटाशी घुसला. बाकीची कुत्री भुंकत आली, तसा लांडग्याने काढता पाय घेतला. तांबीचा जीव भांड्यात पडला.

सवयीने तिचं तोंड नातवाच्या कानाकडे गेलं. भुऱ्याने डोळे घट्ट मिटले.

तांबीने तो कान चाटला, आणि बराच वेळ चाटतच राहिली.