स्फटिकपाटीवरचा मुलूख

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता. राज्य लहान पण सुपीक. राजाला मात्र त्याच्या सीमा रात्रंदिवस टोचत. एके दिवशी अंजनधर नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या काखेत स्फटिकाची पाटी होती. ती दिव्यावाचून उजळे आणि तिच्यावर राज्याचा नकाशा आपोआप उमटे. तिच्यावर जे काढावे, ते भूमीवर उभे राही.

“मागा, महाराज.”

राजाने अरण्य मागितले. मांत्रिकाने बोटाने एक वृक्ष काढला आणि तेच बोट पाटीभर टेकवत नेले. अरण्य झाले. मग राजाने पर्वत मागितला, मग समुद्र. तेही झाले.

दरबाराने जयजयकार केला. राणी वेत्रवती तेवढी पुढे झाली.

“याचे मोल काय?” तिने विचारले.

“काही नाही, महाराणी. नकाशाच्या कोपऱ्यात माझे नाव लिहीन, एवढेच.”

काही न मागणाऱ्यावर राणीचा विश्वास बसेना. तिने घोडा काढला. अरण्यात पोहोचली, तर प्रत्येक झाडाची डावी फांदी सारखीच मोडलेली. पर्वतापाशी गेली, तर सूर्य पूर्वेला आणि सावलीही पूर्वेलाच. तिने खडकाला हात लावला. खडक काचेसारखा गार आणि गुळगुळीत. मग तिच्या मनात आले, इथे आधी काय होते? तिला काही केल्या आठवेना.

परतताना अरण्यातल्या एका फांदीवरून साळुंकी बोलली, “महाराणी, प्रत्येक झाडात माझीच ढोली आहे. प्रत्येकीत माझीच पिले चोच वासून बसलीत. मी चारा घालते, पण एकही गिळत नाही.”

“तुझी खरी पिले कुठे आहेत?”

“खाली. पाटीला थर आहेत. मांत्रिकाने पुसले काहीच नाही, सारे झाकले. झाकले ते विसरले जाते. ज्याने मागितले त्यानेच पाटीवर तळहात ठेवून ‘नको’ म्हणावे, म्हणजे थर उठेल. पण मांत्रिकाचे नाव पुरे झाले, की राज्य त्याचे.”

राणी दौडत परतली. मांत्रिक पाटीवर वाकला होता. नावाचे पहिले अक्षर झाले होते.

“महाराज, अरण्याआधी तिथे काय होते?”

“संशय हा तुमचा जुनाच रोग, महाराणी.”

“असेल. पण सांगा ना, काय होते?”

राजाने तोंड उघडले, पण शब्द सापडेना. “पाटीवर तळहात ठेवून ‘नको’ म्हणा, म्हणजे आठवेल,” राणी म्हणाली. रागारागाने त्याने पाटीवर तळहात ठेवला. “अरण्य नको!”

अरण्य गेले. राजाच्या ओठांवर आपसूक दोन गावांची नावे आली. त्याचा चेहरा उतरला. “पर्वत नको,” तो म्हणाला, आणि पर्वतही गेला.

उरला समुद्र. मांत्रिक लिहीतच होता. न थांबता तो मृदू स्वरात म्हणाला, “महाराज, त्याखाली चार झोपड्या आहेत. चार झोपड्यांसाठी सागर सोडाल?”

राजाचा हात पाटीवर होता, पण ओठ मिटलेले. राणीने नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिले आणि तिथे तिला जहाजे दिसली. मांत्रिकापेक्षा तिला त्या क्षणी राजाचेच भय वाटले.

तोच पाटीच्या तळातून क्षीण हाक आली. “शारूबाळा! अरे, इथे फार अंधार आहे रे!”

राजाला दूध पाजणाऱ्या दाईखेरीज या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. 

“नको!” तो ओरडला. “समुद्र नको!”

पाटी विझली. अंजनधर चित्रासारखा सपाट झाला आणि तिच्यात उतरला. राणीने पाटी उचलून फरशीवर आपटली.

त्याच दुपारी राजा पायी दाईच्या झोपडीकडे गेला. म्हातारी दारात ऊन खात बसली होती.

“किती दिवसांनी आलास,” ती म्हणाली. “विसरलास की काय मला?”

“हो, दाईमा,” राजा म्हणाला, आणि तिच्या पायांशी बसला.

राज्य होते तेवढेच राहिले आणि त्यात सारे मावले.