पिंजूचा बल्ब लागेना

डोंगरावर एक घर. घरात शेवंतामावशी. विजेचा शेवटचा खांब डोंगराच्या पायथ्याशीच दमून थांबला होता. त्यामुळे विजेचं बिल घेऊन कुणी वर येतच नसे. मग मावशीच्या घरात वीज यायची कुठून? अहो, तेच तर आपल्या पिंजूलाही ठाऊक नव्हतं.

पिंजू म्हणजे कोंबडीचं पिल्लू. तीन दिवसांची. पिंजलेल्या कापसासारखी. आई बाकीच्या पिल्लांना घेऊन दाणे टिपायला गेली, आणि मागे एक अंडं राहिलं. धाकट्या भावाचं. मावशीनं ते खोक्यात ठेवलं. खाली भुसा घातला. वर पिवळा बल्ब लावला. खोकं कसं छान उबदार झालं. पिंजू अंड्याला टेकून बसली. अंड्यातून आवाज आला. टक. एवढुसाच.

तेवढ्यात बल्ब विझला. टुप्.

भुसा गार. खोकं गार. अंडं गार गार. पिंजूनं कान लावला. आता टक नाही न् टुक नाही. पिंजू घाबरली.

"बल्बदादा, बल्बदादा, लाग ना. अंड्यात बाळ कुडकुडतं."

बल्ब म्हणाला, "तार देईना, मी कसा लागू?"

पिंजूनं मान डावीकडे केली. कळेना. मान उजवीकडे केली. तरी कळेना. ऊब तर बल्बची होती. मग ही तार मधेच कुठून आली? पण बाळ कुडकुडत होतं. निघाली बिचारी. तुरुतुरु तुरुतुरु.

तार भिंतीवर लांबच लांब पडली होती.

"तारताई, तारताई, दे ना. बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

तार म्हणाली, "बॅटरी सोडीना, मी काय देऊ?"

मान डावीकडे. कळेना. मान उजवीकडे. तरी कळेना. तुरुतुरु तुरुतुरु.

बॅटरी होती पलंगाखाली. काळी, जाडी, एक लाल डोळा मिचकावणारी.

"बॅटरीकाकू, बॅटरीकाकू, सोड ना. तार देईना, बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

बॅटरी म्हणाली, "पोट रिकामं माझं. प्लेट जागेना, मी काय सोडू?" कुठली प्लेट? तर न्हाणीघराच्या छपरावरची, सोलरची.

मान डावीकडे. कळेना. मान उजवीकडे. तरी कळेना. बल्ब खाली आणि प्लेट छपरावर, हे काय भलतंच? पिंजू पायऱ्या चढली. टुपुक. टुपुक. टुपुक. टुपुक.

आता या प्लेटीचं ऐका. मावशीला ती फार आवडायची. गुळगुळीत. उन्हात मस्त तापणारी. पापड वाळायला याहून चांगली जागा कुठली, तुम्हीच सांगा. मावशीनं प्लेटीवर जुनं लुगडं अंथरलं होतं आणि लुगड्यावर उडदाचे पापड घातले होते. गोल गोल, ओले ओले.

"प्लेटआत्या, प्लेटआत्या, जाग ना. बॅटरी सोडीना, तार देईना, बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

लुगड्याखालून प्लेट जांभई देत म्हणाली, "रात्र आहे ना अजून? पापड हलेनात, मी कशी जागू?"

पिंजूनं वर पाहिलं. लख्ख ऊन. खाली पाहिलं. लुगड्याखाली मिट्ट काळोख. दिवस आहे की रात्र? मान डावीकडे. कळेना. मान उजवीकडे. तरी कळेना.

"पापडांनो, पापडांनो, हला ना. प्लेट जागेना, बॅटरी सोडीना, तार देईना, बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

पापड म्हणाले, "मावशी येईना, आम्ही कसे हलू?"

पिंजू उतरली. टुपुक. टुपुक. टुपुक. टुपुक. मावशी होती मागच्या पडवीत. जुन्या जनरेटरची दोरी ओढून ओढून घामाघूम झालेली.

"मावशी, मावशी, ये ना. पापड हलेनात, प्लेट जागेना, बॅटरी सोडीना, तार देईना, बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

मावशीचंही डोकं चालेनासं झालं होतं. मघापासून घरात वीज नाही. का नाही, देव जाणे. ती म्हणाली, "जनरेटर चालेना, मी कशी येऊ?"

जनरेटर म्हातारा. गंजलेला. बसल्या बसल्या कुरकुरणारा.

"जनरेटरआजोबा, जनरेटरआजोबा, चाला ना. मावशी येईना, पापड हलेनात, प्लेट जागेना, बॅटरी सोडीना, तार देईना, बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

जनरेटर म्हणाला, "धुराच्या नळीत उंदीर शिरलाय. उंदीर निघेना, मी कसा चालू?"

पिंजूनं नळीत पाहिलं. आत दोन मिश्या.

"उंदीरमामा, उंदीरमामा, नीघ ना. जनरेटर चालेना, मावशी येईना, पापड हलेनात, प्लेट जागेना, बॅटरी सोडीना, तार देईना, बल्ब लागेना, अंड्यात बाळ कुडकुडतं."

उंदीर म्हणाला, उडदाच्या वासानं त्याला झोप लागेना. पापडाचा एक तुकडा मिळाला तर लगेच निघतो.

म्हणजे पुन्हा छपरावर? आत्ताच तर तिथून आली. मान डावीकडे. कळेना. मान उजवीकडे. काही म्हणजे काहीच कळेना. पिंजूला रडूच आलं. पण बाळ कुडकुडत होतं. ते मात्र तिला पक्कं कळत होतं.

पिंजू पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. चढली. टुपुक. टुपुक. टुपुक. टुपुक. पापडाचा कोपरा चोचीत धरला. ओढला. चर्र्. तुकडा घेऊन खाली आली.

तुकडा मिळाला, उंदीर निघाला. मावशीनं दोरी ओढली. जनरेटर खोकला. घुर्र घुर्र खॉक. काळा काळा धूर निघाला आणि थेट छपराकडे चालला.

"अगं बाई, माझे पापड," म्हणत मावशी धावली. तिनं लुगड्याची चार टोकं धरली आणि सगळे पापड उचलून घरात नेले.

पापड हलले, प्लेट जागली. प्लेट जागली, बॅटरीनं सोडली. बॅटरीनं सोडली, तारेनं दिली. तारेनं दिली, बल्ब लागला. पिवळा पिवळा.

जनरेटर तर एव्हाना बंद पडून घोरत होता. मावशीनं बल्बकडे पाहिलं. जनरेटरकडे पाहिलं. पुन्हा बल्बकडे पाहिलं. मग शाबास म्हणून जनरेटरच्याच पाठीवर थोपटलं. घ्या. आता काय बोलायचं?

पिंजू मात्र खोक्यात शिरली होती. भुसा गरम. खोकं गरम. अंडं गरम गरम.

टक. टक. टकटक. फट्.

बाळ बाहेर आलं. ओलं, वेडंवाकडं, लुटुलुटु. पिंजूनं त्याला विचारलं, फार थंडी वाजली का रे?

बाळ म्हणालं, "थंडी कळली नाही. पण तू कुठं गेली होतीस? तुझी चिवचिव येईना, म्हणून मी टकटक करीना."

पिंजू त्याला बिलगली. म्हणाली, "आता नाही जात कुठं."

मग दोघं बल्बखाली झोपली. झाली गोष्ट. आता तुम्हीही जरा जवळ सरका.