राजाची सावली आणि साठ दिवे

माळकोटच्या राजाच्या सावलीवर फौजदाराचा पाय पडला.

नवा दरबारमहाल बांधून आठच दिवस झाले होते. गादीच्या मागे पुरुषभर उंचीची एक समई होती. राजे धारराव गादीवर बसले की त्यांची सावली पुढच्या जाजमावर पसरे, आणि मुजऱ्याला येणारा नेमका तिच्यावर उभा राही. आठ दिवस ते कुणाच्या ध्यानात आले नाही. त्या संध्याकाळी राजांच्या ध्यानात आले.

"फौजदार, कुठे उभे आहात?"

"जाजमावर, महाराज."

"माझ्या डोक्यावर उभे आहात."

फौजदाराने दचकून उडी मारली. ती राजांच्या पोटावर पडली.

राजांनी महालाची दिवाबत्ती पाहणाऱ्या सटवाजीला बोलावले. "उद्यापासून माझ्या सावलीवर कुणाचा पाय पडता कामा नये. पण उजेड भरपूर हवा. मी सगळ्यांना दिसलो पाहिजे."

सटवाजीने चाळीस वर्षे वाती वळल्या होत्या. दिव्याबद्दल कुणी शिकवलेले त्याला खपत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने ती समई गादीच्या पुढे आणली. सावली मागे गेली. मागे चवरी ढाळणारा उभा होता. तो राजांच्या मानेवर उभा आहे, हे दिवाणांनी लगेच दाखवून दिले.

मग दूरच्या राज्यातून गुणाकर पंडित आले. प्रकाशावर त्यांचा मोठा अभ्यास होता. त्यांनी महाल मोजला, नकाशा काढला आणि सांगितले, "सावली म्हणजे उजेडाचा अभाव. उजेड वाढवा."

चारी भिंतींवर साठ दिवे टांगले. दिवा लागला की हात जोडायचे, ही माळकोटची रीत. दरबाराने साठ वेळा हात जोडले. खांदे दुखायला लागले, तरी एकही अर्ज वाचून झाला नव्हता. घामाने पागोटी भिजली. आणि राजांनी खाली पाहिले तर साठ दिव्यांच्या साठ सावल्या. काही फिकट, काही गडद, पण सगळ्या त्यांच्याच. दरबारात पाय ठेवायला जागा उरली नाही. कारकून बिचारे एका पायावर उभे राहिले.

"पंडित," राजे म्हणाले, "आधी मला एकच माणूस तुडवत होता."

"माझी रचना बिनचूक आहे, महाराज. दिवे लावणाऱ्याचा हात चुकला."

राजांना ते पटले. सटवाजीकडे बोट करून ते म्हणाले, "उद्या दिवेलागणीपर्यंत ही सावली आवर. नाहीतर कुटुंबासकट राज्याबाहेर जा."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी सटवाजी अंगणात गाठोडे बांधत होता. सून हौसा जेवायला बोलवायला आली. ती शेतकऱ्याची लेक. बोलायला जरा फटकळ.

"मामंजी, भाकरी निवाली."

"भाकरी कसली? उद्या आपण कुठे असू, ठाऊक नाही. सावली कुणाला आवरलीय का?"

"तुमची कुठाय?"

"काय?"

"तुमची सावली हो. दाखवा बघू."

सटवाजीने पुढे पाहिले, मागे पाहिले. मग खाली पाहिले. सावली त्याच्या पायाशी गोळा झाली होती.

"माहेरी रानात आम्ही अशीच जेवणवेळ ओळखायचो," हौसा म्हणाली. "सावली पायात आली की भाकरीचं फडकं सोडायचं. महाराजांच्या डोक्यावर दुपार टांगा, मामंजी."

सटवाजीला राग आला. चाळीस वर्षांत हे आपल्याला कसे सुचले नाही, याचा. पण त्याने गाठोडे सोडले.

"पितळी दिव्याचं बूड खाली अंधार पाडेल," तो पुटपुटला.

"मग काचेची हंडी घ्या."

त्याला तेही सुचले नव्हते. त्याने मुकाट्याने भाकरी खाल्ली.

संध्याकाळी साठही दिवे उतरवलेले होते. गादीच्या बरोबर वर बारा वातींची काचेची हंडी साखळीला लटकत होती. राजे बसले. दरबाराने दिव्याला हात जोडले. दिवा राजांच्या डोक्यावर असल्यामुळे सगळ्यांनी राजांनाच हात जोडल्यासारखे दिसले. राजांना ते आवडले. जाजम मोकळे होते. फौजदार दोनदा येऊन उभा राहिला.

पंडितांनी मान वाकडी करून पाहिले. "सावली गेलेली नाही, महाराज. ती गादीवरच आहे. आपण स्वतः तिच्यावर बसला आहात."

राजांच्या कपाळाला आठी पडली. सासऱ्याच्या मदतीला आलेली, हंडीची साखळी धरून उभी असलेली हौसा मात्र म्हणाली, "मग तिथं दुसऱ्या कुणाला बसवायचं का, पंडित?"

पंडित चाचरले. "तसं नव्हे. पण महाराज उठून चालू लागले की दिवा मागे राहील. सावली पुढे पडेल. मग?"

"पडू दे की. महाराजांच्या पुढं चालायची छाती कुणाची आहे? तुमची?"

पंडित दोन पावले मागे सरले. राजे आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. राजे हसले म्हणून दरबार हसला. फौजदार सगळ्यांत जोरात.

"सटवाजी, आजपासून महालाच्या उजेडाचा सगळा कारभार तुझा. आणि पोरी, तुला काय हवं?"

"हे उतरवलेले साठ दिवे द्या, सरकार. आणि जळतील तोवर तेल."

"साठ? करतेस काय एवढ्यांचं?"

"नोकरांच्या आळीत टांगते. आमच्याकडं सावली पडण्याइतकासुद्धा उजेड नाही."

राजे पुन्हा हसले, पण या वेळी जरा उशिरा. "दिले," ते म्हणाले. "आणि पंडित, तुम्ही मोजमापात हुशार. शिडी घ्या, आणि एकेक दिवा स्वतः टांगून या."