धाग्याला हिसका

टक् टक्, टक् टक्. लहानपणी सुतारपक्ष्याचा हा आवाज मी फार ऐकलाय. तो काय करत असे, ते सांगतो.

आमच्या रानात जनावरं देवघेव करत, पण माल मडक्यात भरून कावळे घरी पोचवत. त्यामुळे मडक्यात काय आहे, ते नंतरच कळे. माल चांगला निघाला, की घेणारा विकणाऱ्याच्या झाडावर सुतारपक्ष्याकडून एक खूण करून घेई.

काटेरी साळूच्या पिल्लाला खोकला झाला होता. मध दोघांकडे मिळे, खोकडाकडे आणि अस्वलाकडे. मधाच्या बदल्यात द्यायला तिच्याकडे एकच टोपली आवळे होते. खोकडाच्या झाडावर खुणांना जागा उरली नव्हती. अस्वलाच्या झाडावर चारच होत्या.

"साळूताई, विचार कसला करतेस?" झाडाखाली बसलेला खोकड म्हणाला. "खुणा बघ की!"

वर जाळ्यात कोळीण होती. खूण करून घेणाऱ्याच्या झाडापासून विकणाऱ्याच्या झाडापर्यंत ती दर वेळी एक धागा बांधत असे.

"मावशी, कुणाकडून घेऊ गं?" साळूनं तिला विचारलं.

"धाग्यांना हिसका देऊन बघ."

साळूनं खोकडाचे धागे ओढले. त्याच्या भावांची झाडं हलली, बाकी पानही हललं नाही. मग तिनं अस्वलाचे धागे ओढले. चार झाडं हलली, त्यांना बांधलेले इतरांचे धागे ताणले गेले आणि हळूहळू सगळं रान हललं, नदीपलीकडच्या जांभळीसुद्धा.

"भावानं भावाचं कौतुक करू नये का?" खोकड म्हणाला. "रोज सकाळी उठून करतो आम्ही. मेहनत आहे त्यातही."

"आहे की," कोळीण म्हणाली.

"बरं ताई, आवळे राहू देत, मध असाच ने. नुसती एक खूण कर. तू आम्हा भावांच्या बाहेरची आहेस."

साळूनं टोपली उचलली आणि ती अस्वलाच्या झाडाकडे चालू लागली.