जोड कोणी लावली?

“अज्ञान मुलीला कुणी दोषी धरतं का, वस्ताद? तुम्हीच सांगा.”

हिंदुराव लोंढे तिसऱ्यांदा हेच विचारत होता.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारचे साडेतीन वाजले होते. माती सकाळीच उकरून झाली होती. तिच्यात तेल आणि ताक मुरत होतं. पोरं यायला अजून तासभर होता. वस्ताद आणि हिंदुराव सोडले तर तालमीत एकटी तनुजा होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि बोटाचं नख कुरतडत होती.

हिंदुराव याच मातीत वाढलेला. आता सत्तेचाळीसचा होता. हमरस्त्यावर त्याचं मॅटच्या कुस्तीचं केंद्र होतं, भिंतभर प्रमाणपत्रं होती, गळ्यात शिट्टी होती. तनुजा त्याची शिष्या; पण सुरुवात तिनंही याच मातीत केली होती आणि स्पर्धेत तिचं नाव अजून या तालमीकडूनच जायचं. तिला सोळा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. मागच्या महिन्यात मोठ्या बायकांच्या निवड स्पर्धेत ती त्रेपन्न किलोत पहिली आली. गावानं तिला उघड्या जीपमधून मिरवलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. तिच्या लघवीच्या तपासणीत अंगातलं पाणी उतरवणारी गोळी सापडली होती. खेळाडूंना त्या गोळीची बंदी आहे. येत्या गुरुवारी चौकशी होती.

“काय लिहून आणलंयस ते वाच,” वस्ताद म्हणाले. “माझा चष्मा घरी राहिला.”

हिंदुरावानं कागद उलगडला.

“‘सदर खेळाडू वयाने अज्ञान आहे. मावशीच्या घरी असताना तिने पायाच्या सुजेवरची गोळी डोकेदुखीची समजून घेतली. तरी तिला दोषमुक्त करून तिचे पदक कायम ठेवावे.’ खाली तिची सही आहे. तिच्या वडिलांची आहे. तालमीचे प्रमुख म्हणून तुमची तेवढी राहिलीय.”

वस्तादांनी एक खडा बाहेर टाकला.

“मावशी कुठं असती गं तुझी?”

तनुजानं हिंदुरावाकडं पाहिलं.

“मला मावशी नाही, वस्ताद.”

“चुलत मावशी,” हिंदुराव घाईनं म्हणाला.

“चुलत मावशी. बरं. मग पायबी चुलतच सुजले असतील.”

तनुजाला हसू फुटलं. तिनं ते लगेच दाबलं.

“गोळी कुणी दिली?” वस्तादांनी विचारलं.

…

“मी दिली,” हिंदुराव म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सकाळी वजन होतं. नऊशे ग्रॅम जास्त भरत होती. पळवून झालं, दोन-दोन स्वेटर घालून घाम काढून झाला, जेवण तोडलं. काटा हलेना. सगळेच देतात, वस्ताद. ती बंदीच्या यादीत आहे हे मला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक नव्हतं?”

“पक्कं ठाऊक नव्हतं.”

“मग तसं लिही.”

“तसं लिहिलं तर मला चार वर्षं कुणालाही शिकवता येणार नाही. केंद्राला कुलूप लागेल. बावीस पोरं-पोरी आहेत तिथं. आणि माझी गोळी म्हटलं की हिचं पदक गेलंच. या कागदावर हिला कोण काय करणार? लहान आहे, चूक झाली, म्हणतील आणि सोडतील. कायदा तिच्या बाजूला आहे. खरं सांगून भलं कुणाचं?”

वस्तादांनी आणखी एक खडा बाहेर टाकला.

“स्पर्धेच्या फॉर्मवर हिच्याबद्दल काय लिहिलं होतंस?”

“ते नेहमीचं असतं.”

“काय असतं नेहमीचं?”

हिंदुरावानं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

“‘शरीरानं आणि मनानं मोठ्यांशी लढायला समर्थ.’”

“काट्यावर मोठी. चौकशीत लहान.”

“दोन्ही खरं आहे, वस्ताद.”

“हाय की. दोन्ही खरं हाय. म्हणून तर अवघड हाय.”

वस्तादांनी हात झटकले.

“हरली ती कोण?”

“होती कुणीतरी विदर्भाकडची. सव्वीस-सत्तावीसची असेल. तिचा काळ तसाही…”

“सुनंदाताई ढगे,” तनुजा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं.

“सात वर्षं दुसरी येतेय. कुस्ती झाल्यावर तिनं हात मिळवला आणि सोडलाच नाही. म्हणाली, किती तापलाय गं तुझा हात, आणि ओठ बघ कसे फुटलेत. तिच्या बाटलीतलं पाणी दिलं मला. माझं पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली.”

“आणि तू कुठं होतास?” वस्तादांनी हिंदुरावाला विचारलं.

“फोटो… फोटो चालले होते.”

वस्ताद काठीवर भार देऊन उठले. गुडघा वाजला.

“चपला काढ,” ते हिंदुरावाला म्हणाले. “ये खाली. तूबी ये, पोरी.”

दोघं हौद्यात उतरली. वस्तादांनी काठी भिंतीला लावली आणि तेही उतरले. उजव्या हातात हिंदुरावाचं मनगट धरलं, डाव्या हातात तनुजाचं, आणि दोघांचे हात उंच करून हौद्यात गोल चालायला लागले.

मैदानात कुस्ती ठरली की असंच करतात. काटा नसतो, कागद नसतो. जाणता माणूस दोघांना नजरेनं तोलतो, हात धरून सगळ्यांना दाखवत फिरवतो, आणि मग हात हातात देतो. याला जोड लावणं म्हणतात. जोड चुकली तर लोक पैलवानाला नाही, लावणाऱ्याला बोलतात.

एक फेरी पूर्ण झाली. वस्तादांनी तनुजाचा हात हिंदुरावाच्या हातात दिला.

“ही जोड. लागा.”

“काय थट्टा करता, वस्ताद! मी ब्याण्णव किलो.”

“मग?”

“मग काय? ती त्रेपन्न. चेंगरेल ती माझ्याखाली.”

“डोळ्यांनी कळतंय तुला?”

“आंधळासुद्धा सांगेल.”

वस्ताद तनुजाकडं वळले.

“सरांनी गोळी दिली, तवा कसली हाय म्हणून विचारलंस?”

“नाही.”

“का?”

“सर देतील ते घ्यायचं असतं.”

“नको म्हणाली असतीस तर?”

तिनं खरंच विचार केला. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“नको कसं म्हणायचं?” ती म्हणाली. “तुम्हीच तर शिकवलंय, वस्ताद. मी पहिल्यांदा इथं आले त्या दिवशी. शिकवणाऱ्याला उलट विचारायचं नाही.”

…

हिंदुरावाच्या हातात तिचा हात अजून होता. त्यानं खाली पाहिलं. त्याच्या पंजात तो दिसतसुद्धा नव्हता. त्यानं पंजा उघडला आणि तिचा हात सोडून दिला.



“गोळी देताना हीच जोड तू लावलीस,” वस्ताद म्हणाले. “तिची आणि तुझी. आणि मी बघत हुतो. फॉर्मवर माझीबी सही हाय. चष्मा तवाबी घरीच हुता.”

“वस्ताद, तुमचा यात काय…”

“गप.”

तनुजा पुढं झाली.

“पण पदक? ते परत द्यावं लागेल?”

“व्हय.”

“मी काही केलेलं नाही.”

“न्हाई केलंस.”

“तरी?”

“तरी.”

“मग हा कुठला न्याय, वस्ताद?”

“सुनंदानं काय केलं हुतं?”

तनुजानं ओठ घट्ट आवळले. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं खांद्याला पुसलं, हाताला वस्तादांच्या हातची माती लागली होती म्हणून.

“देते,” ती म्हणाली. “पण पोस्टानं नाही पाठवणार. हातानं देणार.”

“ते तुझं तू बघ.”

“आणि पुढच्या वर्षी तिच्याशीच लढणार. नऊशे ग्रॅम कमी नाही झाले तर वरच्या वजनात लढेन. हरले तर हरेन.”

“जा मग. दोर चढ.”

“मला बंदी आली तर?”

“बंदी स्पर्धेला येईल. आपल्या दोराला कोण बंदी घालतंय?”

ती गेली. कोपऱ्यातल्या दोराला तिनं हात घातला आणि पायांची अढी न घेता नुसत्या हातांवर वर निघाली.

हिंदुराव हौद्याच्या काठावर बसला. त्यानं खिशातलं पेन काढलं, कागदावरच्या मजकुरावर आडवी रेघ मारली, कागद पालथा केला आणि कोरी बाजू मांडीवर ठेवली. पहिली ओळ लिहून खोडली. दुसरी लिहिली. ती ठेवली.

“‘गोळी मी दिली,’” त्यानं वाचून दाखवलं. “‘ती कसली आहे हे मुलीला सांगितले नाही. मुलीने विचारले नाही, कारण विचारायचे नसते असे आम्ही तिला शिकवले.’ बरोबर?”

“आम्ही लिहिलंस?”

“लिहिलं.”

“ऱ्हाऊ दे. खाली जागा सोड.”

हिंदुरावानं लिहून सही केली. वस्तादांनी पेन घेतलं. कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं की फॉर्मवर आपण न वाचता सही केली होती. मग नाव घातलं: दस्तगीर बाबालाल मुजावर.

कागद त्याच्या हातात देऊन त्यांनी काठी घेतली. हौद्यातून बाहेर आले, पायांची माती पुसली, उंबरा ओलांडला आणि बाहेरच्या पायरीवर बसले.

“वस्ताद, पोरं येतील आता. बाहेर का बसलात?”

“जोड चुकली की लावणारा मातीत पाय ठेवत न्हाई. लागलेलं पोर बरं होऊन परत उतरेपर्यंत. माझ्या वस्तादांचा दंडक.”

“असा दंडक आहे? मी तर कधी ऐकला नाही.”

“सांगायचा नसतो. पाळायचा असतो.”

हिंदुराव उंबऱ्याच्या आत उभा होता. एकदम त्याचा हात डाव्या खांद्यावर गेला. तेरा वर्षांचा असताना त्यानं हट्ट धरला होता, वीस वर्षांच्या पोराशी माझी जोड लावा म्हणून. वस्तादांनी ती लावली. तिसऱ्या मिनिटाला खांदा निखळला आणि हाडही मोडलं. ते सांधायला आणि पुन्हा मातीत उतरायला अकरा महिने गेले.

“तेव्हा तुम्ही बाहेर बसायचा,” तो हळू म्हणाला. “खांदा गळ्यात बांधून मी रोज यायचो, कोपऱ्यात बसायचो. आम्हाला वाटायचं, तुमचा गुडघा दुखतोय.”

“गुडघा आत्ता दुखतो. तवा मी चाळीसचा हुतो.”

…

हिंदुरावानं गळ्यातली शिट्टी काढली. ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी उंबऱ्याच्या आतल्या खुंटीला अडकवली. कागदाची घडी वरच्या खिशात नीट बसवली. गुरुवारची सकाळची गाडी किती वाजता असते, ते त्यानं स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं. सव्वासहा.

मग तोही बाहेर आला आणि पायरीवर, वस्तादांच्या एक पायरी खाली बसला.

“चार वर्षं,” तो म्हणाला.



उघड्या दारातून आतलं दिसत होतं. तनुजा दोराच्या टोकाला पोचली होती. वर आढ्याला हात लावून ती खाली बघत होती, कुणी मोजतंय का ते.

“वस्ताद, तुम्ही अकरा महिने इथं बसून होता. रोज. काय करत होता?”

वस्तादांनी काठी आडवी करून मांडीवर घेतली.

“तू किती लहान हुतास, ते बघत हुतो.”