पाठवणीची शिट्टी

एका राज्यात दिवेलागणीला कोणी दार लावीत नसे, कारण दारात आपलेच माणूस उभे असे. मेलेले.

त्या राज्याचा राजा शीलध्वज. त्याची राणी पद्मलेखा ऐन तारुण्यात वारली, तेव्हा राजा कालकंठ मांत्रिकाच्या गुहेत गेला आणि त्याच्या खजिन्यातली रुप्याची शिट्टी मागून आणली. मांत्रिक म्हणाला, "बोलावणे माझे काम. पाठवणी तुझी तू पाहा." राजाने शिट्टी फुंकली. राणी आली, पण तिच्यामागून साऱ्या राज्याचे मृत आले. दिवे लागले की ते आपापल्या उंबऱ्याबाहेर उभे राहत, उजाडले की दिसेनासे होत. बोलत नसत. मात्र उभे राहण्यासाठी त्यांना जिवंतांचा आवाज लागे. आधी पाखरे मुकी झाली, मग गुरे. मग तान्ही मुले तोंड वासून रडू लागली, आणि रडणे ऐकू येईना.

वेशीपाशी भिवरा नावाची शिट्ट्या घडवणारी बाई राहत असे. वेळूची कांडी कापावी, तिला आवाजासाठी खिडकी पाडावी, खिडकीची धार पातळ करावी, तोंडात लाकडी दट्ट्या बसवावा, जवसाचे तेल पाजावे, वाजवून पाहावे आणि पुन्हा घासावे, यात तिचा जन्म गेला होता. तिच्या दारात तिची मुलगी तानी उभी राही. अर्धी वेणी घातलेली, अर्धे केस मोकळे. तापात गेली तेव्हा होती तशी.

शेजारची अंबू म्हणे, "तुझी लेक तरी गोड दिसते गं. माझ्या दारात सासू आहे. जिवंतपणी बोलून छळायची, आता न बोलता."

भिवरा हसत नसे. दिवसभर ती दिवेलागणीची वाट पाही.

एके दिवशी राजाने तिला बोलावले. "यांना परत पाठवील अशी शिट्टी घडव."

"महाराज, राणीसाहेब गेलेल्या चालतील आपल्याला?"

राजा म्हणाला, "माझ्या दासीचे बाळ भुकेने गेले. आई शेजारी निजली होती, तिला रडणे ऐकू आले नाही. आता तेही दारात येते. जिवंतपणी उभे राहायला शिकले नव्हते. आता उभे राहते."

भिवरेने मान खाली घातली आणि घरी आली. छपरावर टिटवी बसली होती. साऱ्या पाखरांत तिचाच आवाज शाबूत होता. तो मृतांनाही नको होता.

टिटवी म्हणाली, "तीन वस्तू लागतील. वारा न लागलेला वेळू. कालकंठाच्या उंबऱ्यावर पाजवलेली पटाशी. तिसरी तुझ्या कनवटीला आहे."

"माझ्या कनवटीला काही नाही."

"बरे," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

भिवरा वारा न शिरणाऱ्या दरीत उतरली. तिथल्या वेळूने हलणे म्हणजे काय ते पाहिले नव्हते. तिने विचारले, "देता का?" एक कांडी आपणहून मोडून तिच्या ओंजळीत आली. मोडल्याचा आवाज झाला नाही.

मग ती गुहेत गेली. भिंतीलगत झाकणे लावलेली मडकी होती; मृतांनी ओढून घेतलेले आवाज त्यांत साठत. एकात कोकिळा होती, एकात गाय हंबरत होती, बाकीच्यांत बाळे रडत होती.

"उंबरा वापरशील, तर काय देशील?" कालकंठाने विचारले.

"माझा आवाज घ्या."

"घासाघीससुद्धा नाही?"

"शिट्टीला श्वास पुरतो."

त्याने रिकामे मडके तिच्या तोंडाशी धरले आणि झाकण लावले. भिवरेने मुकाट्याने उंबऱ्यावर पटाशीला धार लावली.

घरी येऊन तिने शिट्टी घडवली. खैराचा दट्ट्या बसवला, वाजली नाही. चिंचेचा बसवला; वाजली नाही. चंदनाचाही करून पाहिला. नुसती हवा गेली.

त्या राज्यात ज्याची त्याची एक शिट्टी असे, आणि शिट्ट्या घडवणाऱ्यांत एक रीत होती. माणूस गेले की त्याच्या शिट्टीचा दट्ट्या काढायचा, म्हणजे आत राहिलेला श्वास मोकळा होतो. तानीची बोटाएवढी शिट्टी भिवरेच्या कनवटीला होती. दट्ट्या ओलीने फुगला आहे, निघत नाही, असे तिने भाऊबंदांना सांगितले होते.

टिटवी छपरावर परतली होती. "दट्ट्या फुगलेला नव्हता," ती म्हणाली. भिवरेने कनवटीवर हात ठेवला. "आणि ऐक. शिट्टी वाजली की तुझा आवाज तुला मिळेल. मुलीचे नाव घेऊ नकोस. घेतलेस तर ती परत येईल, आणि तिच्यामागे सगळे."

दिवे लागले. तानी दारात आली. भिवरेने कनवटीची शिट्टी काढली आणि दट्ट्या दोन बोटांनी ओढला. तो सहज निघाला. नळीतून एक उबदार श्वास तिच्या गालावर आला. त्याला कच्च्या चिंचेचा वास होता. मग तिने तो दट्ट्या नव्या शिट्टीत बसवला. एक ढलपीही काढावी लागली नाही.

तिने मुलीकडे पाहत शिट्टी फुंकली.

उंबऱ्याउंबऱ्यावरचे मृत वळले आणि रस्त्याला लागले. राणी पद्मलेखा चालली. अंबूची सासू एकदा चुलीकडे वळून पाहून चालली. राजाच्या मुठीत रुप्याच्या शिट्टीचे पाणी झाले. दूर गुहेत मडकी तडकली, आणि गावात कुठेतरी एक बाळ मोठ्याने रडले. भिवरेच्या घशात आवाज परत आला.

वळणापाशी तानी थांबली. दासीचे बाळ मागे राहिले होते. तिने त्याचे बोट धरले. भिवरेच्या ओठांवर नाव आले. तिने ते दातांत धरले. तानी वळणाआड जाताना दुसऱ्या हाताने आपले मोकळे केस गोळा करीत होती.

"भिवरे, बोल की गं काहीतरी," अंबू म्हणाली.

"पाणी दे," भिवरा म्हणाली.

राजाने दवंडी पिटवली, की यापुढे घरात माणूस गेले तर त्याच्या शिट्टीचा दट्ट्या त्याच दिवशी काढावा. दारे पुन्हा लागू लागली. तानीची मोकळी नळी भिवरेच्या खिडकीत असते. वारा तिच्यातून जातो. वाजत नाही.

गेलेल्यांना वाट मिळो, राहिलेल्यांना श्वास पुरो. गोष्ट इथवरच.